घरच्या पोकरमध्ये नशीब किती, डोकं किती, मजा किती: सेटिंग कसं लावायचं

सांगलीत पत्ते न खेळणारं घर शोधून काढावं लागेल. सुट्टीत मेंढीकोट आणि पाच-तीन-दोन, लग्नघरात रात्रभर रमी, दिवाळीच्या आगेमागे तीन पत्ती, हे सगळं आधीपासून चालूच होतं, पोकर मात्र अलीकडे मोबाईलमधून घरात शिरलाय. आणि शिरला की दोनपैकी एक प्रकार होतोच. एक तर पुण्याला नोकरी करणारा पुतण्या व्हिडिओ बघून तयार होऊन येतो, दीड तासात सगळ्यांच्या चिप्स स्वतःपुढे गोळा करतो आणि पुढच्या वेळी काकू म्हणतात "तुमचं चालू दे, मी चहा टाकते". नाहीतर मग उलटं, सगळेच दर हाताला सगळं लावून मोकळे, म्हणजे पोकर कसला, पाच पानांची तीन पत्तीच, आणि ज्याला जरा विचार करून खेळायचंय तो बिचारा मोबाईल काढून बसतो.

नशीब जास्त की डोकं जास्त यावर भांडत बसू नका, कोर्टकचेरीतही त्यावर एकमत नाहीये. सुप्रीम कोर्टाने 1968 मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं आणि त्याच निकालात तीन पत्त्यांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा म्हणून बाजूला काढला. पोकरला गुजरात हायकोर्टाने 2017 मध्ये नशिबाच्या खात्यात टाकलं, आणि नागालँडच्या कायद्यात बघाल तर पोकर कौशल्याच्या खेळांच्या यादीत आहे. माझं म्हणणं एवढंच की घरच्या खेळात हे प्रमाण ठरलेलं नसतंच, ज्याच्या घरी टेबल लागतंय त्याच्या हातात असतं. चिप्स किती द्यायच्या, ब्लाइंड (पानं बघण्याआधीच टाकायच्या सक्तीच्या चिप्स) कधी वाढवायचे, एका वेळी जास्तीत जास्त किती लावू द्यायचं, एवढ्यावर नशिबाचा हिस्सा कमीजास्त होतो. म्हणून आधी टेबलावर कोण बसणार ते बघा आणि मग नियम ठरवा, लोक नेमकं उलटं करतात.

पैशांचं पहिल्यांदा उरकून टाकू. लावू नका. आपल्याकडे 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही चालू आहे, ऑनलाइन पैसे लावून खेळणं तर केंद्राच्या 2025 च्या कायद्याने बंदच केलंय, आणि तिथे कौशल्य का नशीब हा प्रश्नच ठेवलेला नाही. पण कायदा सोडा, भावकीत आणि शेजारात दोनशे रुपयांवरून जे होतं ते दोनशे रुपयांत भरून निघत नाही. आणि चहा-नाश्त्याच्या नावाखाली पॉटमधून (म्हणजे डावात मध्ये जमलेल्या रकमेतून) नाल, म्हणजे घरमालकाचा वाटा, काढायचा विचार तर डोक्यातूनच काढा, मग ते घर राहत नाही, अड्डा होतो.

यावर लगेच तक्रार येते की पैसे नसले की कोण सिरियसली खेळत नाही, दर हाताला "ऑल इन", म्हणजे सगळं लावलं, म्हणतात. खरी तक्रार आहे. त्यावर उपाय म्हणजे वही. चिप्सला किंमत नाही पण वहीला आहे. प्रत्येक बैठकीला पहिल्याला 5 पॉइंट, दुसऱ्याला 3, तिसऱ्याला 2 आणि नुसतं येऊन बसल्याचा प्रत्येकाला 1, आणि हे गणपतीपासून होळीपर्यंत लिहीत जायचं. हंगामाच्या शेवटी जो खाली असेल त्याने सगळ्यांना भडंग आणायची, वर असेल त्याने पुढच्या हंगामाचे नियम ठरवायचे. वहीचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे, तो पुढे सांगते.

आता चिप्स. विकतचे सेट मिळतात, पण नसले तरी अडत नाही. चिंचोका म्हणजे 1, वाघ्या घेवड्याचा दाणा म्हणजे 10 (कोरेगावचा तो पट्ट्यापट्ट्यांचा, चिंचोक्यात मिसळला तरी लांबून ओळखू येतो) आणि कॅरमची सोंगटी म्हणजे 50. प्रत्येकाला 20 चिंचोके, 8 घेवडे, 2 सोंगट्या, झाले 200. सहा जणांना 120 चिंचोके, 48 घेवडे आणि 12 सोंगट्या लागतात, कॅरमच्या काळ्यापांढऱ्या मिळून 18 असतात म्हणजे पुरून उरतात. तासगावकडच्या कुणी बेदाणे वापरायची आयडिया दिली तर ऐकू नका, पॉट मोठा होईपर्यंत अर्धा खाल्लेला असतो.

तीन पत्तीवाल्यांना पोकर शिकवताना ठेच लागते ती पानांच्या क्रमाला, त्यामुळे इथे जरा थांबा. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने आलेली पानं) कलरच्या (सगळी एकाच रंगाची, म्हणजे सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक अशी) वर. पोकरमध्ये कलर, म्हणजे फ्लश, सिक्वेन्सच्या वर. काकांना हे कधीच पटत नाही, "असं कसं, आमच्यात तर" म्हणून सुरू होतात, तर त्यांना मोजून दाखवा. 52 पानांतून तीन पानं 22,100 प्रकारे येतात, त्यात सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096, म्हणजे सिक्वेन्स दुर्मिळ. पाच पानं 25,98,960 प्रकारे येतात, त्यात सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108, म्हणजे आता कलर दुर्मिळ. पानं वाढली की गणित फिरतं, बास. आणि तीन पत्तीवाले फारच हिशोबावर आले तर त्यांना विचारा की ट्रेल (तीन सारखे) 52 प्रकारे येते आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाची) 48 प्रकारे, मग ट्रेल वर कशी? तिथे गणित नाही, चालत आलंय म्हणून चालतंय. दुसरी भानगड एक्का-दुर्री-तिर्रीची. तीन पत्तीत बऱ्याच घरांत ती दुसऱ्या नंबरची सिक्वेन्स धरतात, पोकरमध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतची सिक्वेन्स सगळ्यात लहान. आणि इस्पिक बदामपेक्षा मोठं वगैरे काही नाही, सारखं आलं की पॉट निम्मा निम्मा.

एका कागदावर मोठ्या अक्षरात क्रम लिहून टेबलाच्या मधोमध ठेवा: एकाच रंगाची सिक्वेन्स, चार सारखे, फुल हाऊस (तीन सारखे आणि एक जोडी), कलर, सिक्वेन्स, तीन सारखे, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच नाही तर मोठं पान. हा कागद ठेवायला लाजू नका. नवीन माणसाला दर वेळी "कलर मोठा का हो?" विचारावं लागलं की त्याच्या हातात काय आहे ते सगळ्या टेबलाला कळतं, मग तो हळूहळू विचारायचं सोडतो आणि थोड्या दिवसांनी यायचंही सोडतो.

खेळ म्हणून टेक्सस होल्डम घ्या, प्रत्येकाला दोन पानं बंद, मध्ये पाच पानं उघडी, आधी तीन मग एक मग एक, आणि सातातली चांगली पाच धरायची. ब्लाइंड म्हणजे इथे न बघता चाल नव्हे, बुटासारखं आधीच टाकायचं, फक्त सगळ्यांनी नाही, वाटणाऱ्याच्या पुढच्या दोघांनी, 1 आणि 2.

आता मेन सेटिंग. 200 चिप्स आणि मोठा ब्लाइंड 2, म्हणजे प्रत्येकाकडे 100 ब्लाइंड आहेत. इतकं हातात असलं की डोकं चालवायला जागा मिळते, थोडं लावून बघता येतं, अंगावर आलं की पॅक करता येतं, म्हणजे हात सोडून देता येतो, ब्लफ मारता येतो, म्हणजे हातात काही नसताना मोठं लावून घाबरवता येतं. त्याच 200 चिप्सवर ब्लाइंड 10-20 केलात तर प्रत्येकाकडे फक्त 10 ब्लाइंड राहतात, मग विचार करायला काही शिल्लकच नसतं, बरं पान आलं की सगळं ढकलायचं आणि देवाला हात जोडायचे. दोन्ही चुकीचं नाही! जावाजावा, पाहुणे, पहिल्यांदा खेळणारे असतील तर ब्लाइंड मोठे ठेवा, खेळ पटापट संपतो, कोणीही जिंकतं, हसत उठतात. मुरलेली मंडळी असतील तर लहान ठेवा आणि हळू वाढवा. मिश्र टेबल असेल, आणि सांगलीत ते मिश्रच असतं, तर सुरुवात लहान ब्लाइंडने करून दर 20 मिनिटांनी दुप्पट करा, म्हणजे सुरुवातीला डोकेबाजांचं राज्य आणि शेवटी नशिबाचं.

किती वेळ चालेल याचा ढोबळ हिशोब असा की टेबलावरच्या एकूण चिप्स मोठ्या ब्लाइंडच्या साधारण वीसपट उरल्या की खेळ संपत येतो. सहा जण, 1,200 चिप्स, म्हणजे मोठा ब्लाइंड 60 च्या आसपास गेला की आवरतं. 2, 4, 8, 16, 32, 64, असं 20-20 मिनिटांनी गेलात तर दोन तासांत उरकतं. जेवण साडेनऊला असेल तर साडेसातला पहिला हात वाटा. अर्ध्या अर्ध्या तासाने वाढवलंत तर तीन तास धरा, आणि जेवणाची वेळ ज्याने सांभाळायची त्याला आधी विचारा.

दुसरं सेटिंग म्हणजे एका वेळी किती लावू द्यायचं. टीव्हीवर दिसतं ते नो-लिमिट, कधीही सगळं लावा. घरात नवीन माणसं असताना मी तरी पॉट-लिमिट ठेवते, म्हणजे पॉटमध्ये जेवढं आहे तेवढीच जास्तीत जास्त बेट. यात होतं काय की जो पुतण्या पहिल्या हातालाच सोंगट्या पुढे सरकवून सासूबाईंना घाबरवतो त्याचं ते हत्यार जातं, आणि सासूबाईंनी आयुष्यभर रमीत टाकलेल्या पानांवरून समोरच्याचा हात ओळखलेला असतो, ती नजर मात्र इथे पुरेपूर कामी येते. खरं तर रमीत मुरलेल्या बायका पोकरला सगळ्यात लवकर तयार होतात, फक्त सुरुवातीला पॅक करायचा त्यांना कंटाळा येतो.

आणि पॅक करणं हेच पोकरमधलं निम्मं कौशल्य. नवीन माणूस "आलोय तर बघू तरी" म्हणत दर हातात उतरतो. त्याला एवढंच सांगा की सात-आठ जण असताना पाचातले तीन-चार हात सरळ सोडून द्यायचे, आणि शेवटी बोलायची पाळी असेल तेव्हा जरा जास्त हात खेळायचे, कारण तोपर्यंत बाकीच्यांनी काय केलं ते दिसलेलं असतं. दुसरं एक छोटं गणित शिकवा. चार बदाम झालेत, कलरसाठी पाचवा हवाय, तर उरलेले बदाम 9. दोन पानं उघडायची असतील तर 9 गुणिले 4, म्हणजे 36 टक्के, खरा आकडा 35. एकच पान उरलं असेल तर गुणिले 2, म्हणजे 18, खरा साडेएकोणीसच्या जरा वर. एवढ्यावर भागतं. म्हणजे दोन पानं बाकी असतानासुद्धा तीनातून दोनदा तो बदाम येत नाही, आणि तरी लोक सगळं लावतात आणि वर "माझं नशीबच फुटकं" म्हणतात.

नशीब किती ते पण सांगते. हातात दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे, यापेक्षा चांगली वेळ येत नाही, तरी पाचातून जवळजवळ एकदा राजेवाला जिंकतो. दोन एक्के मुळात येतात सरासरी 221 हातांत एकदा. घरी गप्पा, चहा, "कुणाची पाळी?" हे धरून तासाला 20-25 हात होतात, म्हणजे दोन तासांच्या बैठकीत फार तर 50. चार-पाच बैठकांत एकदा एक्क्यांची जोडी! मग एका रात्रीत कोण हुशार ते कसं कळणार? नाहीच कळत. म्हणूनच वही पाहिजे. एका रात्री काकू जिंकल्या तर काकूंचा दिवस, त्यांना मनसोक्त मिरवू दे, पण होळीला वही उघडली की ज्याने शांतपणे पॅक करून खेळलंय तोच बहुतेक वर दिसतो. नवख्याला आजची रात्र आणि मुरलेल्याला हंगाम, दोघंही खूश. 2003 मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा एक अकाउंटंट ऑनलाइन छोट्या स्पर्धेतून जागा मिळवून लास व्हेगासला पोकरच्या वर्ल्ड सिरीज स्पर्धेला गेला आणि 839 जणांत पहिला येऊन 25 लाख डॉलर घेऊन आला, त्यानंतर जगभर जो तो खेळायला लागला, कारण सगळ्यांना वाटलं की हे आपल्यालाही जमेल. ते वाटणं टेबलावर टिकवायचं असेल तर नशीब पूर्ण काढून चालत नाही.

जोकर घालायची हौस मात्र जपून. लोकांना वाटतं एक जोकर घातला की मजा वाढते, पण क्रमाची पूर्ण वाट लागते. एक जोकर घालून 53 पानं केली की तीन सारखे 1,37,280 प्रकारे येतात आणि दोन जोड्या 1,23,552 प्रकारे, म्हणजे क्रमात वरचा प्रकार खालच्यापेक्षा स्वस्त झाला. बरं मग दोन जोड्यांना वर ठेवावं, तर ज्याच्याकडे जोकर आणि एक जोडी आहे तो लगेच दोन जोड्या म्हणायला लागतो आणि परत उलटं होतं. यातून सुटकाच नाही. वातावरण हलकं करायचं असेल तर जोकरपेक्षा सत्ती-दुर्रीचा नियम घाला, वेगवेगळ्या रंगांची सत्ती आणि दुर्री हा होल्डममधला सगळ्यात भिकार हात, तो घेऊन जो पॉट जिंकेल त्याला प्रत्येकाने 5 चिंचोके द्यायचे. एवढ्याने शांत माणसंसुद्धा ब्लफ मारायला लागतात आणि त्यानंतर कोणी मोठी बेट टाकली की सगळं टेबल "सत्ती-दुर्री! सत्ती-दुर्री!" ओरडतं. तीन पत्तीवाल्यांना आपलं वाटावं म्हणून दर अर्ध्या तासाने एक फेरी पानं न बघता खेळायची, तीही चालते, पण एकच.

दोघांनी सगळं लावलंय आणि पानं उघडी पडलीत, अशा वेळी उरलेली पानं दोनदा वाटायची आणि प्रत्येक वेळी निम्मा पॉट द्यायचा, हा एक चांगला प्रकार आहे. सरासरीत काही फरक पडत नाही, फक्त झटका कमी बसतो. रडीचा डाव खेळणाऱ्यांसाठी खास.

जो बाद झाला त्याचं काय, हा प्रश्न मजेच्या दृष्टीने सगळ्यात मोठा. पहिल्या तासात बाद झालेल्याला एकदा परत 200 द्या. त्यानंतर बाद झाला तर वाटायचं काम त्याच्याकडे, तो टेबलावरच राहतो आणि त्याच्या कॉमेंट्री चालू राहतात. चार जण बाद झाले की त्यांनी शेजारी मेंढीकोट मांडायचा, आणि बऱ्याचदा इकडचे दोघं फायनल सोडून तिकडे बघत बसतात, ते एक असो.

शिकवणी हात चालू असताना नको. "अहो काकू, पॅक करा, त्याच्याकडे कलर आहे" असं शेजारून कोणी म्हटलं की तो हात मेला. हात संपल्यावर विचारलं तर सांगा, न विचारता नाही. सगळ्यांचं बोलून होऊन पानं दाखवायची वेळ आली की जिंकलेलं पान हातात धरून समोरच्याला आशेवर ठेवू नका, लगेच टाका. आणि बेट एकदाच पुढे सरकवायची, दहा टाकून समोरच्याचं तोंड बघून अजून वीस असं नाही. एवढे तीन नियम बास, चौथा सांगितलात की लोकांना शाळेत आल्यासारखं वाटतं.

पिसण्याबद्दल. पुलासारखं वाकवून एकात एक घालून पिसलं तर सात वेळा पुरतं, हे बायर आणि डायकोनिस या दोघा गणितज्ञांनी 1992 मध्ये दाखवलं होतं. आपल्याकडे हातात धरून वरची पानं खाली टाकत पिसतात, त्याने पानं फार हळू मिसळतात, आधीच्या हातातली जोडी पुढच्या हातात तशीच्या तशी निघते आणि मग "पत्ते लागलेत" म्हणून भांडण. वाकवून पिसता येत नसेल तर पानं टेबलावर उपडी पसरून दोन्ही हातांनी मिनिटभर घुसळा. दोन वेगळ्या रंगांच्या पाठीचे कॅट ठेवा, एक वाटेपर्यंत दुसरा पिसून होतो, तासाला पाच-सहा हात जास्त होतात. शक्यतो प्लॅस्टिकचे घ्या, पुसता येतात.

पुसायची वेळ येतेच, कारण भडंग. तेल-तिखटाचं बोट एकदा इस्पिकच्या एक्क्याला लागलं की पुढच्या हाताला पाठीवरून एक्का कुठाय ते अख्ख्या टेबलाला माहीत. भडंग वाडग्यात आणि प्रत्येकाला चमचा, किंवा मग सरळ ब्रेकमध्ये खायची. मधली पानं उघडण्याआधी दर वेळी वरचं एक पान उपडं बाजूला टाकायची पद्धत आहे ना, ती अशाच डागांसाठी आहे, वरचं पान कोणी ओळखलं असलं तरी उपयोग होत नाही. ती पद्धत पाळा, लहान पोरं वाटायला बसली की हमखास विसरतात.

चारच जण आले तर ब्लाइंड तेच ठेवा पण पॅक कमी करा, चौघांत साधी जोडीसुद्धा चांगली असते. नऊच्या वर झाले तर दोन टेबलं लावा, एका टेबलावर दहा जणांना पत्ते पुरतात हो, पण पाळी येईपर्यंत निम्मे लोक गच्चीवर जातात. आणि ब्लाइंड किती, लिमिट काय, परत चिप्स मिळणार का, शेवटचा हात किती वाजता, हे सगळं आदल्या दिवशी ग्रुपवर टाकून ठेवा, कारण टेबलावर बसल्यावर नियम बदलले की जो हरतोय तोच बदलायला लावतो.